चेसिसवाली हलकी रायफल आपल्या वावरात चालते का? वजन, दणका आणि परवान्याची माहिती

दारव्हा : तुरीला शेंगा धरल्या, हरभरा घाट्यावर आला की तालुक्यात जागली सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत पाव एकर हरभरा उकरून टाकतो आणि रोह्यांचा घोळका तुरीचे शेंडे खुडत धुऱ्यावरून निघून जातो. गावात ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना आहे, त्याच्याकडे अशा दिवसांत माणसं चौकशीला येतात. अलीकडे या चौकशीत एक नवीन गोष्ट आली आहे. मोबाईलवर परदेशातल्या शिकारी रायफलींचे व्हिडिओ फिरतात. लाकडाचा पत्ता नाही, काळा धातूचा सांगाडा, मागचा दस्ता घडी होऊन बाजूला येतो, आणि माणूस ती एका हातात धरून डोंगर चढतो. अशी रायफल आपल्याला मिळेल का, आणि मिळाली तर जागलीला उपयोगी पडेल का, असं बरेच जण विचारतात.

आधी ही चेसिस म्हणजे काय ते पाहू. ट्रॅक्टरची चेसिस सगळ्यांना माहीत आहे, इंजिन आणि चाकं ज्यावर बसतात तो सांगाडा. रायफलीतही तेच. नळी आणि बोल्टचा भाग हे रायफलीचं इंजिन. जुन्या पद्धतीत हे इंजिन लाकडी दस्त्यात बसवतात. चेसिसमध्ये ते ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कार्बन फायबरच्या सांगाड्यावर नटबोल्टने आवळतात. कॅनडाच्या एमडीटी कंपनीची शिकारीसाठीची एक मॅग्नेशियमची चेसिस अवघी २६ औंसांची, म्हणजे पाऊण किलोच्या आतली आहे. वर नळी, बोल्ट आणि दुर्बीण चढवली तरी पूर्ण रायफल खांद्याला जड वाटत नाही.

वजनापेक्षा मोठा फायदा दुसराच आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दस्ता फुगला की नळीला कुठंतरी दाबतो आणि ऑक्टोबरमध्ये बसवलेला नेम जूनमध्ये सरकलेला निघतो. धातूच्या चेसिसला ओलीचा हा त्रास नाही, नळी मोकळी राहते. ज्यांनी अशा रायफली वापरल्या ते याच गोष्टीचं कौतुक जास्त करतात. गाल टेकायची पट्टी आणि दस्त्याची लांबी आपल्या अंगमापाप्रमाणे कमीजास्त करता येते, तेही सोयीचं.

तक्रारीही आहेत. मे महिन्यात आपल्याकडे लोखंडी खाटेला हात लावता येत नाही, तशी धातूची चेसिस उन्हात ठेवली तर गालाला चटका बसतो. थंडीत बोटं गारठतात. रात्री मचाणीच्या बल्लीला धातू लागला की जो टणत्कार होतो, तो लाकडाचा होत नाही, आणि डुकराचे कान माणसापेक्षा तिखट असतात.

सगळ्यात मोठी तक्रार दणक्याची. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवलं आणि ४ किलोची रायफल ३ किलोची केली, तर खांद्यावर येणाऱ्या दणक्याची ताकद एक तृतीयांशाने वाढते. हा साधा हिशोब आहे, त्यात कंपनीची कारागिरी फार काही करू शकत नाही. दणक्याची भीती बसली की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा मागे घेतो, आणि गोळी भलतीकडे जाते. डोंगरात दिवसभर चालून एक गोळी झाडणाऱ्याला हलकी रायफल परवडते. मचाणीवर बसून राहणाऱ्याला वजन वाहायचंच नाही, मग त्याने दणका का सोसायचा?

चेसिस म्हणजे हलकंच असं मात्र समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या खेळातल्या रायफलीही धातूच्या सांगाड्यावरच बांधलेल्या असतात, पण पुरुष गटात त्यांचं वजन ८ किलोपर्यंत चालतं. नेमबाज मुद्दाम वजन लावतात, कारण जड रायफल हातात कमी हलते.

आता मिळण्याचा प्रश्न. १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकाला परदेशातून बंदूक किंवा रायफल आणता येत नाही. नामवंत नेमबाजांना खेळासाठी सवलत आहे, शेतकऱ्याला नाही. त्यामुळे व्हिडिओतली रायफल 'माणसामार्फत मागवून देतो' असं कोणी म्हणत असेल, तर तो पैसे तरी बुडवेल नाहीतर तुरुंगात तरी पाठवेल.

आपल्याकडे कायदेशीर मिळते ती सरकारी कारखान्यांची .३१५ बोअरची रायफल. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने ती नावारूपाला आणली. तिचा बोल्ट जुन्या ली-एनफिल्ड पद्धतीचा आहे, दस्ता लाकडी, वजन सव्वातीन-साडेतीन किलोच्या घरात. हा विचित्र .३१५ चा आकडा इंग्रजांच्या काळचा. फौजेची .३०३ ची काडतुसं जनतेच्या हाती पडू नयेत म्हणून खासगी वापराला वेगळं काडतूस ठेवलं, ते अजून चालू आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या आणि बंदुकांचे कारखाने कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले. ही रायफल बाळगणाऱ्यांचं मत साधारण असं असतं : मजबूत आहे, बिघडत नाही, पण बोल्ट ओढायला कडक आणि दस्त्याचं काम ओबडधोबड. हातभर लांब पट्टा लावला तर वजनाचं काही वाटत नाही.

तरीही पिकाच्या राखणीला रायफल मागणं बहुतेक वेळा चुकीचं. तिची गोळी एक किलोमीटरच्या पलीकडे जाते. दारव्ह्याचं बरंचसं शिवार सपाट, आणि जागलीच्या दिवसांत दर दुसऱ्या वावरात कोणी ना कोणी झोपडीत निजलेलं असतं. अंधारात टॉर्चच्या झोतात डुक्कर दिसतं, त्याच्या मागे कोण आहे ते दिसत नाही. बारा बोअरच्या बंदुकीचे छर्रे पस्तीस-चाळीस मीटरनंतर जोर सोडू लागतात, म्हणून गावशिवाराला तीच त्यातल्या त्यात बरी. छर्रा जोर सोडतो म्हणजे लागत नाही असं नव्हे. मचाणीवरून खाली जमिनीकडे झाडलेली गोळी मातीत रुतते, उभ्याने सरळ झाडलेली गोळी कुठं थांबेल सांगता येत नाही.

कायद्याचा रोखही तोच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं म्हटलं आहे. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअरसारखी, देता येते. त्या कलमात पिकासाठी रायफलीचं नावच नाही. त्यामुळे अर्जात 'पीक संरक्षण' लिहून रायफल मागितली की अर्ज रेंगाळतो, आणि मग माणूस तहसीलच्या बाहेर दलाल शोधत बसतो.

परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्यासाठी यवतमाळला. अर्जदाराचं वय २१ पूर्ण लागतं. पोलिस ठाण्याकडून चौकशी होते, बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सातबारा सोबत असावा, आणि वनखात्याने केलेले नुकसानीचे जुने पंचनामे असतील तर तेही, कारण गरज खरी आहे हे त्यातूनच दिसतं. प्रत्येक परवान्याला केंद्राच्या संगणकीय नोंदीतला यूआयएन क्रमांक असतो. आजोबांच्या काळचा परवाना घरात असेल तर त्यावर हा क्रमांक चढला आहे की नाही ते आधी पाहावं.

२०१९ च्या दुरुस्तीने बरेच नियम बदलले. एका माणसाकडे पूर्वी तीन शस्त्रं चालत, आता दोनच. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. विनापरवाना बंदूक सापडली तर शिक्षा किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. लग्नात, मिरवणुकीत हौसेने बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरचा म्हातारा परवानाधारक वारला तर बंदूक घरात ठेवू नये, ती पोलिस ठाण्यात जमा करून वारसाने आपल्या नावाचा अर्ज करावा. वडिलांची बंदूक म्हणून मुलाच्या हातात ती आपोआप कायदेशीर होत नाही.

हलकेपणाच्या नादात एक भलतं काम होतं, त्यावर जरा थांबून सांगायला हवं. जुनी एकनळी लांब आणि पुढून जड वाटते म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून नळीचा तुकडा कापून घेण्याचा सल्ला काही लोक देतात. नळी आखूड करणं हा कलम ६ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे आणि २०१९ नंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं झाली आहे. परवाना हातात असला तरी. शिवाय कापलेल्या नळीतून छर्रे जास्त पसरतात, आवाज आणि जाळ वाढतो, दणकाही वाढतो. दस्ता फुटला असेल, बदलायचा असेल, तर परवानाधारक दुरुस्ती दुकानातूनच करावा आणि पावती ठेवावी.

आता जो भाग लोक ऐकूनही न ऐकल्यासारखं करतात. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. ही दोन वेगळ्या खात्यांची दोन वेगळी कागदं आहेत. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या याद्यांत त्यांचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कलम ११ खाली देऊ शकतो. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा. परवानगीनंतर मारलेलं जनावर सरकारचं, त्याचं मटण वाटून घेता येत नाही. हवेत बार काढून कळप हाकलणं वेगळं, पण तो बार जनावराला लागला तर कागद विचारला जाणारच.

अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आणखी एक नियम आहे. कलम ३४ प्रमाणे तिथल्या शस्त्रधारकाने वनखात्याकडे नोंद करायची असते, आणि नवीन परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकाची आगाऊ संमती लागते. आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर आणि पैनगंगा, शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य. या बाजूंच्या गावांनी अर्ज करण्याआधी अंतर विचारून घ्यावं.

वाघाच्या बाबतीत तर शेतकऱ्याने बंदुकीचा विचारही करू नये. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या शिवारात टी-१ म्हणजे अवनी वाघीण गोळीने मारली गेली. तिच्यामागे वनखात्याचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती नाकारली होती, आणि तरीही ती गोळी कोणी, कधी, कशी झाडली यावर देशभर वाद झाला. एवढा सरकारी कागद पाठीशी असताना ही गत.

ज्यांच्याकडे बंदूक आहेच, त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. मचाणीला टेकून ठेवताना नळीचं तोंड काळ्या मातीत रुतलं तर माती आत बसते, आणि तशीच झाडली तर नळी फाटून हात जातो. भरण्याआधी नळीतून आरपार उजेड पाहावा. पावसाळ्यात बंदूक कापडी गवसणीत गुंडाळून ठेवू नये, गवसणी ओल धरते. कोरडी पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून, कुलपात, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. जुनं ओल धरलेलं काडतूस चाप ओढल्यावर उडालं नाही, तर लगेच नळी उघडू नये. तोंड रिकाम्या दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावं, कधी कधी ते उशिरा उडतं. मचाणीवर चढता-उतरताना बंदूक रिकामी करून आधी दोराने वर घ्यावी किंवा खाली सोडावी. टॉर्च आणि बंदूक एकाच माणसाच्या हातात असू नये, आणि शेजारच्या चार वावरांतल्या जागल्यांना आज कोण कुठल्या मचाणीवर आहे हे संध्याकाळी फोनवर सांगितलेलं असावं.

निवडणूक लागली की शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघतो. नेमका तो हंगाम पिकाचा असतो. अशा वेळी बंदूक जमा करून पावती घ्यावी, आणि नुकसान दिसल्याबरोबर फोटो काढून भरपाईचा अर्ज वनखात्याकडे द्यावा. कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याच्या भानगडीत पडू नये. त्या तारेला डुक्कर लागण्याआधी पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी लागतो, असं विदर्भात दरवर्षी घडतं.