पुण्याच्या मुंगीचं आडनाव

इंदापूरच्या कडबनवाडीला किंवा बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या माळावर गेलात, तर चिंकारा दिसेपर्यंत जरा खालीही बघा. गवताचं बी साठवणाऱ्या मुंग्यांच्या बिळाभोवती भुसकटाचं कडं असतं. दाणा आत, टरफल बाहेर. याच सवयीमुळे पुण्याची एक मुंगी जगाच्या इतिहासात गेली.

कंपनी सरकारच्या फौजेतला विल्यम हेन्री साइक्स दख्खनची पाहणी करत होता. पुण्यात परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर, पाऊस सुरू झाल्यावर, त्याला गवताच्या बियांचे छोटे ढीग दिसले. मुंग्यांनी भिजलेलं धान्य उन्हात वाळत घातलं होतं. मुंग्या धान्य साठवतात ही भाकडकथा आहे, असं तेव्हा युरोपातले बरेच अभ्यासक मानत. तिकडच्या थंडीतल्या मुंग्या तसं करत नव्हत्या. साइक्सने 1835 मध्ये या मुंगीचं वर्णन छापलं आणि नाव दिलं 'अट्टा प्रोव्हिडेन्स'. प्रोव्हिडेन्स म्हणजे पुढचा विचार करणारी.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द म्हणजे आडनाव. ते चार वर्षांतच बदललं. 1839 मध्ये वेस्टवूडने या एका मुंगीवरून 'फायडोल' हा नवा वंश उभा केला. आज त्यात हजाराहून जास्त प्रजाती आहेत, आणि नियमाप्रमाणे त्या नावाची खुंटी आजही पुण्याचीच मुंगी आहे. 'अट्टा' हे नाव अमेरिका खंडांतल्या, पानं कापून बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्यांकडे राहिलं.

पुढे शतकभर वर्गवारी झाली ती दिसण्यावरून: डोकं, कंबर, मिशांचे सांधे. अडचण अशी, की सारखं काम करणारी शरीरं सारखी दिसू लागतात. दोन ॲप्सची स्क्रीन सारखी दिसली म्हणून आतला कोड एकच असतो असं नाही.

2015 मध्ये वॉर्ड, ब्रॅडी, फिशर आणि शुल्ट्झ यांनी डीएनए वाचून या मुंग्यांच्या उपकुळाची वंशावळ नव्याने मांडली. 25 घराण्यांची 6 झाली. फायडोल थेट अट्टाच्या घराण्यात आली! साइक्सला हे कळणं शक्यच नव्हतं. त्या काळी अट्टा हे नाव कितीतरी मुंग्यांना लावत. पण नातं निघालं खरं.

उलट, आपल्याकडची दुसरी दाणे साठवणारी मुंगी बघा. 1879 मध्ये ती 'होल्कोमिर्मेक्स' होती, 1966 मध्ये 'मोनोमोरियम'मध्ये गेली, 2015 मध्ये 'ट्रायकोमिर्मेक्स' झाली. तिचं घराणं वेगळंच. म्हणजे एकाच माळावर तेच बी गोळा करणाऱ्या या दोघी जवळच्या बहिणी नाहीत. ही सवय दोघींकडे वेगवेगळ्या वाटेने आली.

आता त्या माळाची वर्गवारी बघा. झाडं नाहीत, पीक नाही, म्हणून सरकारी नकाशांत असे कितीतरी माळ 'पडीक' म्हणून नोंदलेले आहेत. कुणी तिथे झाडं लावायला निघतं, कुणी प्रकल्प उभारायला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातल्या झाडाझुडपांच्या उल्लेखांवरून दाखवलंय, की पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ रानं किमान 750 वर्षांपासून आहेत. ती जंगल तोडून उरलेली जमीन नाही.

मुंगीची नोंद दुरुस्त झाली, कारण ती दिसते कशी यापेक्षा ती आली कुठून हे कुणीतरी विचारलं. त्याला 180 वर्षं लागली. माळाकडे तेवढा वेळ नाही.