फिट्सरॉय, रॉबर्ट

फिट्सरॉय, रॉबर्ट : (५ जुलै १८०५–३० एप्रिल १८६५). ब्रिटिश नौदल अधिकारी, सागरी सर्वेक्षक व हवामानशास्त्रज्ञ. जन्म इंग्लंडमधील सफक परगण्यात. पोर्ट्स्मथच्या नाविक महाविद्यालयात शिक्षण. १८२४ मध्ये लेफ्टनंटपदाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण. ‘बीगल’ जहाजाच्या कप्तानाने दक्षिण अमेरिकेच्या मोहिमेत आत्महत्या केल्यावर १८२८ मध्ये ते जहाज फिट्सरॉयच्या हाती आले. पुढच्या सफरीत (१८३१–३६) चार्ल्स डार्विन सोबत होता, एवढ्यावरच बहुतेक ग्रंथ त्याची ओळख आटोपतात. त्याच सफरीत २२ क्रोनोमीटर घेऊन त्याने पृथ्वीभोवतीच्या ठाण्यांचे रेखांश ठरविले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक (१८३७).

१८४१ मध्ये डरहॅमचा संसद-सदस्य. १८४३–४५ न्यूझीलंडचा गव्हर्नर. वायराऊ येथे गोरे वसाहतकार व स्थानिक माओरी यांच्यात झालेल्या चकमकीबद्दल माओरींवर कारवाई न केल्याने वसाहतकार बिथरले आणि त्याला परत बोलावण्यात आले. या कारकीर्दीविषयी मतभेद आहेत.

त्याचे खरे कार्य १८५४ नंतरचे. व्यापार मंडळाच्या नव्या हवामान विभागाचा तो प्रमुख झाला. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात अँग्लसी बेटाच्या खडकांवर फुटून सुमारे ४५० जण बुडाले. या दुर्घटनेनंतर उपाय शोधताना, वादळ एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकते, मग तार त्याच्या पुढे पोचू शकते, हे त्याने ओळखले. किनाऱ्यावरील ठाणी वायुभार, तापमान व वारा रोज तारेने लंडनला कळवू लागली आणि फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना इशारे जाऊ लागले. इशारा मिळताच डोलकाठीवर कॅनव्हासचा शंकू चढे : टोक वर असेल तर उत्तरेकडचे वादळ, खाली असेल तर दक्षिणेकडचे. ढोलाच्या आकाराची खूण चढवली तर वारे एकामागून एक दिशा बदलून सुटणार. रात्री या खुणांऐवजी कंदील. अक्षरओळख नसलेल्या कोळ्यालाही ही खूण लांबून कळे, हे तिचे मोठेपण. कोकणातल्या बंदरांवर इशारा म्हणून लागणारा ‘तीन नंबरचा बावटा’ याच जातकुळीचा. १ ऑगस्ट १८६१ रोजी ‘द टाइम्स’मध्ये त्याचा पहिला दैनिक अंदाज छापून आला.

चुकलेल्या अंदाजांवर टीका झाली. प्रकृती खालावली, पैसाही सरला होता. त्याने आत्महत्या केली. १८६६ मध्ये त्याच्या विभागाच्या कामाची चौकशी करणाऱ्या समितीच्या अहवालानंतर इशारे बंद पडले. नाविकांच्या आग्रहामुळे वर्षभरात ते पुन्हा सुरू करावे लागले.

रिअर ॲडमिरल, १८५७. व्हाइस ॲडमिरल, १८६३. प्रमुख ग्रंथ : ‘द वेदर बुक’ (१८६३).