फिरंगी धोत्रा

वसईकडील पडीक जमिनींत हिंवाळा सरतां सरतां एक कांटेरी रोप पिवळ्या फुलांनीं भरून जातें. लोक त्यास फिरंगी धोत्रा म्हणतात. परंतु तो धोत्रा नव्हे. धोत्र्याचें फूल कर्ण्यासारखें लांब. ह्याच्या पाकळ्या सुट्या, आणि कूळ अफूचें. देंठ मोडतांच पिवळा चीक येतो. बोंडाच्या कांट्यांवरून मात्र फसगत होण्यासारखी आहे.

नांवांतील ‘फिरंगी’ हा शब्द अधिक खरा. लिनियसनें १७५३ सालीं ह्या वनस्पतीस ‘आर्जेमोने मेक्सिकाना’ असें नांव दिलें. तिचें माहेर अमेरिका. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, तेव्हां बीं त्यांनींच आणिलें असें म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो. परंतु ‘फिरंगी’ ह्या शब्दानें परकेपण तेवढें कळतें, आणणारा कळत नाहीं.

पिवळ्या चिकावरून कित्येक वैद्य ह्यालाच प्राचीन ग्रंथांतील स्वर्णक्षीरी समजतात. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वीं जी वनस्पति ह्या देशांत नव्हतीच, ती त्या ग्रंथकारांस ठाऊक कोठून असणार? त्यांची स्वर्णक्षीरी दुसरीच असली पाहिजे. (हें ऐकून आमचे वैद्यमित्र रागावतात.) चूक केवळ पंडितांची असती तर आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. ह्याचें काळसर बीं मोहरीसारखें दिसतें. १९९८ सालीं दिल्लींत त्याची भेसळ असलेलें मोहरीचें तेल खाऊन, अंगावर सूज येऊन, ६० हून अधिक माणसें दगावलीं.