निष्क्रिय वायू व भूल

निष्क्रिय वायूंपैकी झेनॉन हा हवेच्या सामान्य दाबाला श्वासावाटे देऊन शस्त्रक्रियेसाठी प्रत्यक्ष वापरला गेलेला भुलीचा वायू आहे. विल्यम रॅमसे व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये त्याचा शोध लावला. स्टुअर्ट कलन व एर्विन ग्रॉस यांनी अमेरिकेत माणसांवर केलेल्या वापराचा वृत्तांत १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे रशिया व जर्मनीत या वापरास मान्यता मिळाली.

गुणधर्म

'निष्क्रिय' हे विशेषण येथे काहीसे फसवे आहे. झेनॉनचा शरीरात रासायनिक संयोग वा विघटन होत नाही. तो जसा आत जातो तसाच उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. तरीही मेंदूतील चेतापेशींवरच्या एनएमडीए ग्राहींचे कार्य तो रोखतो आणि शुद्ध हरपते. वायूचा अणू जितका मोठा, तितका तो मेदात अधिक विरघळतो व त्याची भूल देण्याची शक्तीही स्थूलमानाने तितकीच वाढते. म्हणूनच आर्गॉन व क्रिप्टॉन यांचा असा परिणाम वाढीव दाबाखालीच ठळकपणे दिसतो. रेडॉन किरणोत्सर्गी असल्याने त्याचा विचारच होत नाही.

रक्तात मात्र झेनॉन फारच कमी विरघळतो. त्याचा रक्त-वायू विभाजन गुणांक सुमारे ०.११५ आहे, तर नायट्रस ऑक्साइडचा सुमारे ०.४७. त्यामुळे भूल लवकर चढते आणि वायू बंद करताच रुग्ण काही मिनिटांत शुद्धीवर येतो. रक्तदाबही बराच स्थिर राहतो. श्वासातील झेनॉनचे प्रमाण सुमारे ६३ टक्के असता निम्मे रुग्ण छेद दिल्यावरही हालचाल करीत नाहीत. उरलेल्या जागेत पुरेसा ऑक्सिजन देता येतो.

मर्यादा

इतके गुण असूनही हा वायू सर्वत्र पोहोचला नाही, याचे मुख्य कारण त्याची दुर्मिळता. हवेच्या सुमारे १ कोटी १५ लाख भागांत त्याचा एक भाग असतो आणि हवा द्रवरूप करून तो वेगळा काढावा लागतो. म्हणून उच्छ्वासातील वायू पुन्हा वापरणारी बंद यंत्रणा लागते. तो हवेच्या साडेचार पट जड असल्याने श्वसनमार्गातील अवरोध वाढतो. शस्त्रक्रियेनंतर मळमळही होऊ शकते.

हेलियम

हेलियम याच्या उलट टोकाचा. उच्च दाबाखालीही तो भूल देत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्याच्या शोधाची कथा निगडित आहे. जयगडच्या दक्षिणेस असलेल्या विजयदुर्ग किल्ल्यावरील 'साहेबाचे कट्टे' या शोधाशी जोडण्याची कोकणात परंपरा आहे. परंतु पिएर जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरहून पाहिले व नॉर्मन लॉकयर यांची निरीक्षणे इंग्लंडमधील होती. खोल पाण्यात नायट्रोजनमुळे पाणबुड्यांना गुंगी येते. ती टाळण्यासाठी त्यांच्या श्वसनमिश्रणात नायट्रोजनऐवजी हेलियम वापरतात.