पडणारा बर्फ आणि पडलेला बर्फ : एका अंदाजाचा इतिहास

गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंगला जायचं ठरलं की तुम्ही आधी काय बघता? मोबाइलवरचा आकडा. ‘पुढच्या तीन दिवसांत ३० सेंटिमीटर बर्फ.’ आकडा मोठा असला की आपण खूश. पण हा आकडा फक्त आकाशातून काय पडणार तेवढंच सांगतो. खाली आधीपासून काय साचलंय आणि त्यावर नवा बर्फ टिकेल का, हा वेगळा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे ओळखायला विज्ञानालाही वेळ लागला. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास वाचावा, कारण प्रश्न बदलला की अख्खा विषय कसा बदलतो हे त्यात स्वच्छ दिसतं.

आधी नोंदी

सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये झाली. योहान कोआझ हे तिथले वन अधिकारी. आल्प्स पर्वतात हिमस्खलन कुठे होतं, कोणत्या वाटेने खाली येतं, काय नुकसान करतं याच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या आणि १८८१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. काम मोलाचं होतं. जंगल कुठे राखायचं, भिंत कुठे बांधायची हे त्यावरून ठरवता येई. पण ‘कुठे’ कळलं म्हणून ‘आज का?’ कळत नाही. त्याच उतारावर, तेवढाच बर्फ पडूनही, एका वर्षी काही होत नाही आणि दुसऱ्या वर्षी सगळा उतार खाली येतो. असं का, ते नोंदवही सांगत नव्हती.

मग खड्डा

पुढे डोंगरात रेल्वे आली, जलविद्युत प्रकल्प आले, हिवाळी पर्यटन वाढलं. आता हिमस्खलनाची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागत होती. १९३१ साली स्वित्झर्लंडने बर्फ आणि हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी आयोग नेमला. १९३६ साली डाव्होस गावाच्या वर, वाइसफ्लूयोख इथे, अडीच हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर एका लाकडी खोपटात प्रयोगशाळा सुरू झाली. तिथवर जाणारी डोंगरी रेल्वे स्कीइंग करणाऱ्यांसाठी काही वर्षांपूर्वीच बांधली होती, तिचा शास्त्रज्ञांनाही उपयोग झाला.

या गटात कोण होतं ते बघा. रॉबर्ट हेफेली हे मृदा यांत्रिकीचे अभियंते, म्हणजे माती भार कसा पेलते याचे अभ्यासक. हेन्री बाडर स्फटिकांचे अभ्यासक. त्यांनी बर्फाकडे हवामानातली घटना म्हणून न बघता एक पदार्थ म्हणून बघितलं. बर्फात खड्डा खणायचा, थर मोजायचे, प्रत्येक थरातले कण भिंगाखाली बघायचे. टोकदार दांडा वजनाने ठोकत आत घालायचा आणि किती ठोक्यांना तो किती रुतला ते लिहायचं. ही पद्धत मातीच्या चाचणीवरूनच उचललेली. १९३९ साली त्यांचं पुस्तक आलं. विषय होता बर्फाचं रूपांतर.

रूपांतर म्हणजे काय? जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो. वरची हवा मात्र उणे पंधरा-वीस असू शकते. थर पातळ असेल तर एवढा फरक थोड्याशा जाडीत सामावतो. मग खालच्या कणांमधली वाफ वर सरकते आणि पुन्हा गोठते. काही आठवड्यांत तळाशी मोठे, कोनदार, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात. हातात घेतले तर जाड्या साखरेसारखे ओघळतात. त्यावर वाऱ्याने दाबलेला नवा थर बसला, की टेबलावर साखर पसरून वर लाकडी फळी ठेवावी आणि टेबल तिरकं करावं, तसा प्रकार होतो.

म्हणजे डिसेंबरमधल्या थंड, कोरड्या, निरभ्र दिवसांचा हिशोब फेब्रुवारीत चुकता होतो. फक्त ‘उद्या किती पडणार’ बघणाऱ्याला हे दिसणारच नाही.

मग आकडा

१९४२ साली या कामाची रीतसर संस्था झाली. दुसऱ्या महायुद्धात हिमस्खलनाचे इशारे सैन्य देत होतं. १९४५ साली ते काम संस्थेकडे आलं. पण इशारे सुरू झाले म्हणून मृत्यू थांबले नाहीत. १९५०-५१च्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसं गेली. त्यानंतर धोक्याचे नकाशे आणि संरक्षक बांधकामं यांवर भर आला. तरी शेजारच्या ऑस्ट्रियात, गाल्टुर गावात, २३ फेब्रुवारी १९९९ रोजी हिमस्खलन अशा घरांपर्यंत पोचलं जी नकाशावर सुरक्षित भागात होती. ३१ जणांचा मृत्यू झाला. नकाशा जुन्या नोंदींवरून बनतो आणि नोंदींत नसलेली घटनाही घडू शकते, ही मर्यादा तिथे उघडी पडली.

त्याआधी १९९३ साली युरोपातल्या देशांनी धोक्याची एकच पाच पायऱ्यांची पट्टी मान्य केली होती. आता इथे नीट लक्ष द्या. पाचपैकी तीन म्हणजे ‘मध्यम’, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीचा अर्थ ‘लक्षणीय धोका’ असा आहे, आणि स्वित्झर्लंडमधले हिमस्खलनाचे साधारण निम्मे मृत्यू याच पायरीच्या दिवशी होतात. चार किंवा पाच असेल तर बहुतेक लोक उतारावर जातच नाहीत. तीनला जातात. संख्याशास्त्राच्या भाषेत ही क्रमवाचक पट्टी आहे : पायऱ्यांमधलं अंतर सारखं नाही. दोनवरून तीनवर जाताना धोका ‘एकाने’ वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढतो. सर्वेक्षणातल्या एक ते पाच उत्तरांची सरासरी काढायला हात शिवशिवतील, तेव्हा हे आठवा.

तुमच्या सहलीसाठी, आणि प्रबंधासाठीही

पश्चिम हिमालयासाठी आपल्याकडेही हिमस्खलनाचे इशारे निघतात. त्यासाठी मनालीत १९६९ साली संरक्षण खात्याची संस्था उभी राहिली, आज हे काम तिच्या चंदीगडच्या वारसदार संस्थेकडे आहे. तेव्हा निघण्याआधी हवामानाचा अंदाज आणि हिमस्खलनाचा इशारा, दोन्ही वेगवेगळे वाचा. वारा कुठून होता ते बघा, कारण वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो. आखलेला मार्ग सोडून तीस अंशांहून तीव्र उतारावर जायचा मोह झाला, तर स्थानिक जाणकाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

वाइसफ्लूयोखच्या मोजणी-मैदानावर बर्फाची उंची १९३६ पासून रोज मोजली जातेय. बहुतेक दिवशी त्यात नवं काहीच नसतं. पण तळाचा थर कधी बिघडला हे सांगायला नेमकी तीच कंटाळवाणी रांग लागते. तुमच्या विषयातली अशी रोजची नोंद कोणती, ते मार्गदर्शकांकडे जाण्याआधी एकदा लिहून काढा.