भिंगाविना चित्र

चंदीगडजवळच्या पिंजौरच्या मोगल बागेत भर दुपारी झाडाखाली उभे राहा. पानांतल्या फटी वेड्यावाकड्या, पण जमिनीवरचे कवडसे गोल! प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचे चित्रच.

एकाच छिद्राचे चित्र रेखीव, पण उजेड तोकडा. छिद्रे वाढवली की उजेड वाढतो, पण चित्रे एकमेकांवर चढतात. क्ष-किरणांना काचेचे भिंग चालत नाही. म्हणून 1968 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट डिके आणि ऑस्ट्रेलियात एबल्स यांनी हा गुंता मुद्दाम पत्करला. छिद्रांची मांडणी ठाऊक असली, की गणिताने मूळ चित्र सुटते. आम्हा फौजींच्या भाषेत, सांकेतिक संदेशाची ही किल्ली.

28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर अशीच टँटलमची जाळी बसवली होती. त्या उपकरणाची धुरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे होती, पुण्याची आयुकाही सोबत होती.

2017 मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठाने हीच युक्ती 1 मिलिमीटरहून पातळ सूक्ष्मदर्शकात आणली: फ्लॅटस्कोप. निळ्या प्रकाशाने चेतवलेला नमुना हिरवा चमकतो; गाळणी निळा अडवते, संगणक हिरव्याचा गुंता सोडवतो.

मात्र किल्ली चुकली, तर चित्रही चुकते. म्हणून आधी जाळी नीट मोजायची, मगच चित्रावर विश्वास ठेवायचा.