टोपीची टांचणी

राणी लक्ष्मीबाईची तरवार सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. परंतु रोज सकाळीं कामास निघणाऱ्या सामान्य स्त्रीपाशीं स्वसंरक्षणास काय होतें, हें इतिहासकार सहसा विचारीत नाहींत. एका पिढीपुरतें याचें उत्तर अमेरिकेंत व इंग्लंडांत टोपीच्या टांचणींत सांपडतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं तिकडील स्त्रियांच्या टोप्या पिसांनीं व फुलांनीं फुगून परातीएवढ्या झाल्या होत्या. त्या डोक्यावर टिकाव्या म्हणून अंबाड्यांतून पोलादी टांचणी आरपार खोंवीत. ती वीतभर, कधीं त्याहूनहि लांब असे. याच सुमारास दुकानांतून व कचेऱ्यांतून काम करणाऱ्या मुली एकट्या ट्रामनें जाऊं येऊं लागल्या, आणि गर्दीचा फायदा घेऊन अंगचटीस येणारे सभ्य वेषांतील गृहस्थहि त्यांस भेटूं लागले. अमेरिकेंत अशांस 'मॅशर' हें नांव पडलें होतें. १९०३ सालीं न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, कॅन्ससहून आलेल्या एका तरुणीस घोडागाडींत शेजारच्या वयस्क गृहस्थानें पाठीमागून हात टाकून वेढलें. तिनें टोपींतील टांचणी काढून त्याच्या दंडांत खुपसली. गृहस्थ किंचाळला व पुढच्याच थांब्यावर उतरून गेला! अशा हकीकती पुढें वर्तमानपत्रांतून वारंवार येऊं लागल्या, व प्रारंभीं त्यांत कौतुकाचाच सूर असे.

मग कायदा जागा झाला, पण तो टांचणीविरुद्ध. ट्रामच्या दाटींत तिचें टोंक शेजाऱ्याच्या गालांत वा डोळ्यांत गेल्याचे खरेखुरे अपघात घडले होते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. १९१० च्या मार्चमध्यें शिकागोच्या नगरसभेनें लांब टांचण्यांस बंदी करून ५० डॉलरपर्यंत दंड ठेविला. चर्चेच्या वेळीं एका बाईनें नगरपित्यांस साफ सुनावलें कीं, आमच्या टांचण्या हव्या असतील तर आधीं रस्ते निर्धास्त करा. हें उत्तर आम्हांस त्या साऱ्या चर्चेंतील एकमेव व्यवहारी वाक्य वाटतें. ठरावानें टांचणीची लांबी मोजली; तिच्याकडे वळणाऱ्या हाताची कोणी मोजली नाहीं. सिडनींत तर १९१२ सालीं कित्येक स्त्रियांनीं अशाच नियमाचा दंड भरण्यापेक्षां तुरुंग पत्करला.

लंडनमध्यें मताधिकारवादी स्त्रियांनीं निराळा मार्ग धरिला. पांच फुटांहूनहि ठेंगण्या एडिथ गॅरुड या बाईनीं त्यांस जुजुत्सु शिकविलें, आणि १९१३ च्या सुमारास पुढाऱ्यांच्या रक्षणार्थ स्त्रियांचेंच एक पथक उभें राहिलें. हातांत शस्त्रच नसल्यावर सरकार मोजणार तरी काय?

टांचणीचा शेवट मात्र कोणत्याहि नगरसभेच्या हातून झाला नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर केस आंखूड झाले, टोप्या डोक्यास घट्ट बसूं लागल्या, आणि जें करण्यास कायद्यानें एवढा आटापिटा केला, तें न्हाव्याच्या कात्रीनें चार-दोन वर्षांत करून टाकिलें.